अभ्यासाचाही खाडा लिहा

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं फिरून फिरून एकाच विषयावर होती, घर सांभाळून शिकायचं कसं आणि शिकायची इच्छा टिकवायची कशी. म्हणून बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत (गच्चीवरच्या भेंडीला कीड लागलेल्या ताई, तुमचं पुढच्या अंकात नक्की). पत्रं थोडी कापली आहेत, नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी मानेवाड्याला राहते, वय ३४, मुलगा सहावीत आणि मुलगी केजी टूमध्ये. लग्न झालं तेव्हा बीएचं पहिलं वर्ष झालं होतं, पुढचं राहूनच गेलं. मागच्या वर्षी हिंमत करून इग्नूमध्ये (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात) पुन्हा पहिल्यापासून बीएला ॲडमिशन घेतली, पुस्तकं घरी आली तेव्हा एवढा आनंद झाला की काय सांगू, एकेकाला कव्हर घातलं मी. आता वर्ष होत आलं आणि गाडी पहिल्या युनिटच्या पुढे गेलेली नाही. दिवसभर डबे, शाळा, ट्यूशन, सासऱ्यांचं पथ्य, रात्री साडेदहाला सगळं आवरून पुस्तक उघडते तर तिसऱ्या ओळीला डोळे मिटतात. यूट्यूबवर मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघते, दोन दिवस एकदम जोर येतो, तिसऱ्या दिवशी परत तेच. घरात विरोध कोणाचाच नाही, पण ह्यांना सोडून मी फारसं कोणाला सांगितलेलंही नाही. जाऊबाई एकदा हसल्या होत्या, आता काय कलेक्टर होतेस का म्हणून, तेव्हापासून पुस्तकं दिवाणात ठेवते. माझ्यात जिद्दच कमी आहे का? मोटिव्हेशन कसं टिकवायचं?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि जिद्द कमी असल्याचा एकही पुरावा मला त्यात सापडला नाही. सापडलं ते दुसरंच, पुस्तकं दिवाणात आहेत. म्हणजे अभ्यासाला बसायचं तर आधी मुलगी झोपली पाहिजे, मग तिला न उठवता गादी उचलायची, फळी वर करायची, पुस्तक काढायचं, आणि हे सगळं अशा वेळी की जेव्हा सकाळी साडेपाचपासून उभ्या असलेल्या बाईच्या अंगात जेमतेम चादर ओढण्याएवढा जीव उरलेला असतो. तुम्ही चोरून शिकताय. चोरीच्या कामाला उजेडातला वेळ मिळतच नाही, त्याला उरलेला वेळ मिळतो, आणि चार माणसांच्या घरात उरलेला वेळ कधी कोणी पाहिलाय का?

मी हे ठामपणे म्हणू शकते कारण मी स्वतः तेच केलं. एमए करत होते तेव्हा माझी मुलं चार आणि सात वर्षांची, आम्ही नंदनवनला राहायचो, माझं पुस्तक गव्हाच्या कोठीमागे असायचं. दुपारी सगळे लवंडले की काढायचं, कोणाची चाहूल लागली की परत मागे. एक दिवस घरी पाहुणे बसलेले आणि धाकटा मधेच येऊन ओरडला, आई लपून पुस्तक वाचते, मी पाहिलं! जसं काही मी तंबाखूचा खर्रा खाताना सापडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि सासूबाई सांबार (म्हणजे आपली कोथिंबीर) निवडता निवडता मान वर न करता म्हणाल्या, "मग लपून काहून?" एवढंच. त्यांना खरंच कळलं नव्हतं मी का लपवते ते. आणि मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी एक केलं. स्वयंपाकघरात कालनिर्णय असतं ना, ज्याच्यावर दुधाचा खाडा, सिलेंडर लावल्याची तारीख, भांडेवाल्या मावशीच्या सुट्ट्या, सगळा संसार लिहिलेला असतो, त्याच्यावर मी अभ्यास लिहायला लागले. झाला त्या दिवशी काहीच नाही लिहायचं, नाही झाला तर 'अ. खाडा'. दुधासारखंच. याचा फायदा काय झाला तर एक म्हणजे घरातल्या प्रत्येकाला दिसायला लागलं की असंही काही काम या घरात चालतं. आणि दुसरं, जे मला फार उशिरा कळलं, की खाडा हा शब्दच मुळात माफ करणारा आहे बघा. दोन दिवस दूध घेतलं नाही म्हणून आपण दूधवाल्याला कायमचं बंद करतो का? तिसऱ्या दिवशी पातेलं घेऊन दारात उभे राहतो. अभ्यासाचे मात्र दोन दिवस बुडले की आपण एकदम म्हणतो संपलं, माझ्यात जिद्दच नाही, मी अशीच. कशाला? दोन खाडे लिहा आणि तिसऱ्या दिवशी पातेलं पुढे करा.

आता जरा हिशेब, कारण नुसता जोर येऊन उपयोग नाही. इग्नूमध्ये एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो, वाचन असाइनमेंट सगळं मिळून. म्हणजे ६ क्रेडिटच्या एका पेपरला १८० तास. तुम्ही रात्री रोज पाऊण तास बसलात, अगदी न झोपता, आणि रविवारी सुट्टी घेतली, तर आठवड्याचे होतात साडेचार तास. १८० भागिले साडेचार, चाळीस आठवडे. नऊ महिने एका पेपरला! (हो, हे गणित केल्यावर मलाही हसू आलं.) तर मुद्दा असा की रात्रीच्या उरलेल्या पाऊण तासात डिग्री बसतच नाही, गणितातच बसत नाही, तिथे जिद्द असो की नसो. तुम्ही वर्षभर स्वतःला दोष देत होता तो या भागाकाराचा दोष आहे.

म्हणून वेळ मागावा लागेल. घरात, मोठ्याने, वार आणि वाजले किती ते सांगून. माझं म्हणणं असं की सकाळी किंवा दुपारी पाऊण तास आणि रविवारी सकाळी आठ ते बारा, एवढं मागा. आठवड्याचे साडेआठ तास होतात, पूर्ण हिशेबाने एक पेपर पाच महिन्यांत बसतो, आणि असाइनमेंट आणि जुन्या प्रश्नपत्रिका धरून नेमकं केलं तर एका परीक्षेला दोन पेपरही होतात, माझ्या ओळखीच्या बायकांचे झालेत. वर्षाचे सगळे पेपर एकदम द्यायची हौस मात्र ठेवू नका. टर्म एंड परीक्षा वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबर, तीन वर्षांच्या बीएला सहा वर्षांपर्यंत मुदत आहे आणि मागचे पेपर राहिले तरी पुढच्या वर्षाचं री-रजिस्ट्रेशन करता येतं, त्याची तारीख तेवढी चुकवू नका. सुरुवात असाइनमेंटपासून करा. तिला ३० टक्के वजन आहे, परीक्षेला ७०, आणि ती पुस्तक समोर ठेवून घरी लिहायची असते, म्हणजे मुलगा ज्या टेबलवर होमवर्क करतो त्याच टेबलच्या दुसऱ्या बाजूला बसून लिहा. तो पाच मिनिटांनी उठेल, तुम्ही उठू नका.

आता "विरोध कोणाचाच नाही" याबद्दल. हे वाक्य मला पत्रांमध्ये फार भेटतं. अहो, विरोध तर आमच्या गॅलरीतल्या तुळशीचाही नव्हता! विरोध नसणं आणि हातभार असणं यात बरंच अंतर आहे, आणि तुमच्या ह्यांना ते अंतर माहीत नसेल कारण तुम्ही त्यांना काही काम सांगितलेलंच नाही. "मला जरा मदत करत जा" असं म्हणू नका, त्याचा अर्थ कोणत्याच नवऱ्याला आजवर लागलेला नाही. असं म्हणा की रविवारी आठ ते बारा मुलं आणि बाबांचं पथ्य तुमच्याकडे. नाश्ता त्यांनी करावा, नाहीतर तर्रीपोहे आणावेत, नागपुरात रविवारी सकाळी तर्रीपोह्यांचा तोटा नाही. पहिल्या दोन रविवारी चार वेळा विचारायला येतील, साखर कुठंय, मुलीचे मोजे कुठंय. सांगू नका. सापडतात.

जाऊबाई परत म्हणाल्या कलेक्टर होतेस का, तर हो म्हणा, पण आधी असाइनमेंट जमा करते म्हणा.

आणि ते व्हिडिओ. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालात मारबत (इडापिडा बाहेर घालवायला मिरवत नेतात तो पुतळा) बघायला गर्दीत उभी होते, पोट्टे ओरडत होते रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत, मी मनातल्या मनात ओरडले की मोटिव्हेशनचे व्हिडिओ घेऊन जा गे मारबत. त्या माणसांना पहाटे चारला उठायला काय जातं, त्यांच्या घरात डबे दुसरं कोणीतरी भरत असणार.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीत लोडिंगच्या कामावर आहे, वय ३९. प्रजापतीनगरहून मेट्रोनं लोकमान्यनगरले येतो. २००४ साली बारावी आर्ट्सले दोन विषय गेले, मग वडील वारले अन् कामाले लागलो. आता सुपरवायझरची जागा निघाली होती, साहेब म्हणे बारावी पाहिजे. मले वाटते करून घ्यावं, पण पोरगी दहावीले आहे, हुशार आहे, तिच्यासमोर पुस्तक घेऊन बसाची लाज वाटते. कंपनीतले पोट्टे त हसतेच, म्हणे पोती उचल अन् घरी जा. शिफ्ट दर आठवड्याले बदलते. अन् वाचलेलं ध्यानात राहत नाही. सांगा काय करू.

उत्तर : भाऊ, तुमची भाषा तशीच ठेवली, छापताना दुरुस्त करावीशी वाटली नाही.

आधी खिडकी कोणती ते पाहू. दहावी पास असलेल्यांना कॉलेजात न जाता राज्य मंडळाची बारावी द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म असतो. पण तुम्ही एकदा बसून नापास झालेले आहात, तुमचं प्रकरण जरा वेगळं पडतं, शिवाय मधल्या काळात अभ्यासक्रमही बदललाय, म्हणून जुनी मार्कलिस्ट घेऊन एका सुट्टीच्या दिवशी आधी तुमच्या जुन्या कॉलेजात जा आणि दोनच विषय देता येतात की नव्याने बसावं लागतं ते विचारा. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते म्हणून जानेवारीत जागे होऊ नका, फॉर्मची मुदत बरीच आधी संपते. दुसरा रस्ता एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. तिथे परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, एकदा नाव घातलं की पाच वर्षं चालतं आणि त्यात नऊ संधी मिळतात, एकेक दोनदोन विषय करून सोडवता येतात. शिफ्टवाल्या माणसाला मला तरी हे जास्त सोयीचं वाटतं. फक्त तुमच्या विषयाचं पुस्तक आणि पेपर कोणत्या भाषेत मिळतो ते पैसे भरायच्या आधी पक्कं करा, नंतर नाही.

शिफ्ट बदलते म्हणून घड्याळाचं टाइमटेबल तुम्हाला लागू पडणार नाही, ते करूच नका. रोज रात्री नऊ वाजता असं ठरवलं की तीनातले दोन आठवडे मोडणार, आणि मोडलं की वाईट वाटणार. त्याऐवजी अभ्यास कामाला बांधा. मेट्रोत बसायला जागा मिळाली की पुस्तक उघडायचं, मग शिफ्ट फर्स्ट असो की नाईट. तुम्ही ॲक्वा लाइनच्या या टोकाहून त्या टोकाला जाता, पहिल्या स्टेशनवरच बसता, जागा मिळायला तुमच्याएवढं नशीब कोणाचं आहे? नाईट करून येताना मात्र झोपा, तेव्हा अभ्यास नाही, तुमचं शेवटचंच स्टेशन आहे, चुकणार नाही.

ध्यानात राहत नाही याचं कारण बहुतेक हे की तुम्ही वाचून वाचून परत वाचता. सगळे तेच करतात. १८८५ मध्ये एबिंगहाउस नावाच्या एका जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून, किती वेळाने किती विसरतो त्याचे आकडे मांडले होते, आणि सुरुवातीलाच भराभर विसरतो असं त्याला दिसलं, म्हणजे हा रोग तुमचा एकट्याचा नाही. उपाय सोपा आहे. एक पान वाचलं की पुस्तक मिटायचं आणि काय वाचलं ते मनात किंवा तोंडाने सांगायचं, अडकलं तिथेच उघडून बघायचं. दोन दिवसांनी तेच पान न वाचता आधी सांगायचा प्रयत्न करायचा, मग बघायचं. त्रास होतो, पण तो त्रास झाला की राहतं.

आता हे सांगायचं कोणाला तर पोरीला सांगा. मी मुद्दाम म्हणतेय. तिला म्हणा इंग्रजीचे प्रश्न तू मला विचार, मी तुला इतिहासाचे विचारतो. एका टेबलवर दोन बोर्डाची माणसं. तिच्या वर्गातल्या कितीजणांना बाप असा समोर बसलेला मिळत असेल सांगा बरं! आणि कॅलेंडरवर तिच्या परीक्षेच्या तारखा लिहिल्या असतीलच, त्याच्याच खाली तुमच्या लिहा, वेगळ्या रंगाने.

आणि ते पोती उचल म्हणणारे पोट्टे. आपल्या जिल्ह्यातल्या उमरेडची एक बाई होती, जाईबाई चौधरी, १८९२ चा जन्म, दलित कुटुंबातली, लहानपणीच लग्न झालेलं, पोटासाठी रेल्वे स्टेशनवर हमाली करायची, लोकांची ओझी वाहायची. तिथे मिस ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईची नजर तिच्यावर गेली, तिने लिहायला वाचायला शिकवलं, मिशनच्या शाळेत चार रुपये पगाराची शिक्षिकेची नोकरी मिळाली, आणि अस्पृश्य बाई आमच्या मुलांना शिकवते म्हणून लोकांनी ओरड केली तेव्हा ती गेलीही. पुढे १९२२ मध्ये तिने नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. हे मी तुम्हाला तुम्हीही शाळा काढा म्हणून सांगत नाहीये, तुम्ही सुपरवायझर व्हा, खूप झालं. पण ओझं उचलणाऱ्याने पुस्तक धरलं की हसायचं असतं असं ज्यांना वाटतं त्यांना या शहराचा इतिहास माहीत नाही, एवढं नक्की.

प्रश्न : मी नागपुरातच पीएचडी करते, तिसरं वर्ष आहे आणि मला पाचवा महिना लागलाय. गाइड म्हणतात आता ब्रेक घेतलास तर परत येणं होत नाही. रजिस्ट्रेशन रद्द होईल का? खूप टेन्शन आलंय.

उत्तर : नाही होणार, आधी शांतपणे जेवून घे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार महिला संशोधकांना संपूर्ण कालावधीत मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. पीएचडीची कमाल मुदत सहा वर्षं, पुढे री-रजिस्ट्रेशन करून दोन वर्षं, आणि महिलांना त्यावर आणखी दोन, सगळं धरून दहा वर्षांच्या वर नाही. रजेचा अर्ज लेखी दे, तारीख घालून, गाइडमार्फत, आणि पोच घेतलेली प्रत फाइलमध्ये ठेव. तोंडी परवानगीवर अजिबात राहू नकोस, माणसं बदलतात, गाइडही बदलतात. आणि "परत येणं होत नाही" हा नियम कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही, तो गाइडचा अंदाज आहे. सातवा महिना लागायच्या आत जेवढा डेटा गोळा करायचा तो करून टाक, लिहिणं नंतर मांडीवर बाळ झोपलेलं असतानाही होतं, फील्डवर्क नाही होत.

प्रश्न : नमस्कार. तुमच्याकडे शिकणाऱ्या सुनांची पत्रं येत असतील, मी सासू आहे. महालात राहते, वय ६३. सुनेनं बीएडला नाव घातलं, मीच म्हटलं होतं घे म्हणून. नातू चार वर्षांचा, नात दीड. ती साडेनऊला जाते ते संध्याकाळी पाच-साडेपाचला येते, आल्यावर फाइली आणि पाठांच्या तयारीत असते. तिचं काही चुकत नाही, गुणाची आहे. पण माझे गुडघे आता दीड वर्षाच्या पोरीच्या मागे धावायचे राहिले नाहीत. शनिवारचं भजनी मंडळ सुटलं, सगळ्या विचारतात येत का नाही. गल्लीत जो तो सुनेचं कौतुक करतो, दोन मुलं सांभाळून शिकते म्हणतात. दोन मुलं सांभाळतं कोण हो? पण हे बोलले तर शिक्षणाच्या आड येणारी सासू म्हणतील, म्हणून कोणाला सांगत नाही. माझी शाळा नववीतच सोडवली होती, गणितात पहिली यायची मी. असो. काही चुकलं असेल तर माफ करा.

उत्तर : ताई, चुकलं काहीच नाही, उलट हे पत्र आल्यापासून मी ते टेबलवरच ठेवलंय. मी इतकी वर्षं हे सदर लिहितेय, आणि शिकणाऱ्या बाईला आम्ही सगळे सांगत असतो की घरच्यांची मदत घ्या, घरच्यांची मदत घ्या. ते घरचे म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही असता. एक साठीची बाई, जिला कोणी विचारलेलं नसतं. वर मी स्वतःच्या एमएची गोष्ट ऐटीत सांगितली ना, त्यात माझ्या सासूबाई सांबार निवडताना दिसतात. त्या वर्षभरात त्यांनी आणखी काय काय निवडलं, धुतलं, भरवलं ते माझ्या गोष्टीत कधीच येत नाही, आज तुमचं पत्र वाचताना लक्षात आलं. त्या आता नाहीत.

तर तुमचं गाऱ्हाणं बरोबर आहे. सुनेच्या डिग्रीत तुमचे तास आहेत, ती सांभाळून शिकत नाहीये, तुम्ही सांभाळताय म्हणून ती शिकतेय. हे घरात बोललं गेलं पाहिजे आणि ते बोलल्याने तुम्ही कोणाच्या आड येत नाही. आड येते ती न बोललेली गोष्ट, कारण ती मग वरणात मीठ जास्त पडलं याच्यावरून बाहेर येते.

पण एक विचारते, राग मानू नका. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात तुमचा मुलगा कुठे आहे? सून आहे, नातू आहे, नात आहे, गुडघे आहेत, गल्ली आहे, भजनी मंडळ आहे. दोन्ही लेकरांचा बाप मला कुठेच दिसला नाही. तो घरी किती वाजता येतो, रविवारी काय करतो, नातीला आंघोळ घालता येते का त्याला, काहीच नाही. तुम्ही विसरला असाल असं नाही, तुमच्या हिशेबात तो धरलेलाच नाही. दोन बायका दोन टोकांना धरून सतरंजी ओढताय आणि मधोमध जो बसलाय त्याला कोणी ऊठ म्हणत नाहीये.

म्हणून बोलायचं ते सुनेशी एकटीशी नाही, तिघांनी बसून, चहा घेऊन. तक्रार म्हणून सुरू करू नका, वाराने सुरू करा. शनिवार संध्याकाळ माझी, मी भजनाला जाणार, मुलं तुमच्या दोघांकडे. सकाळी नातीची आंघोळ आणि भरवणं बापाकडे, तो जायच्या आधी. आणि झेपत असेल तर दुपारचे दोन-तीन तास एखादी मदतनीस मुलगी ठेवायची, तिचे पैसे बीएडच्या फीइतकेच शिक्षणाचा खर्च समजायचे. तुम्ही फुकट करता म्हणून तो खर्च आजवर कोणाला दिसला नाही. कालनिर्णयवर तुमचा शनिवारही लिहा, 'आई भजन' असं. झाला नाही तर खाडा, आणि आईचे खाडे वाढले की घरात विचारणा झाली पाहिजे.

एक गोष्ट आत्ताच माहीत असू द्या. बीएड दोन वर्षांचं असतं आणि दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे शाळेत इंटर्नशिप असते, तेव्हा सुनेची धावपळ आताच्या दुप्पट असेल. ते सोळा आठवडे कधी येतात ते तिला विचारून आत्तापासून व्यवस्था लावा, मुलाने त्या काळासाठी रजा वाचवून ठेवावी. आयत्या वेळी सगळं परत तुमच्या गुडघ्यांवर येऊ नये. आणि गुडघे दाखवून घ्या, ते भजनी मंडळाने बरे होणार नाहीत.

गल्लीतल्यांचं काय करायचं? पुढच्या वेळी कोणी म्हणालं दोन मुलं सांभाळून शिकते, तर हसत म्हणायचं, "हो ना, ती शिकते आणि मी सांभाळते." लोक हसतील आणि लक्षातही ठेवतील. तुमची सून खरंच गुणाची असेल तर एक दिवस हे वाक्य तीच म्हणेल, तुमच्या आधी.

आता ते "असो". तुम्ही ज्या ओळीनंतर असो लिहिलंय ती ओळ मी परत परत वाचली. तुम्हाला आता पुस्तकं घ्या असं मी सांगणार नाही, दीड वर्षाची नात कडेवर असलेल्या बाईला असं सांगणं म्हणजे चेष्टा आहे. मुक्त विद्यालयात दहावीला वयाची वरची अट नाही एवढं फक्त माहिती म्हणून लिहून ठेवते. पण बीएडवाली बाई घरात आहे, तिला पाठांचा सराव करायला विद्यार्थी लागतोच, आणि चार वर्षांचा नातू काही त्या कामाचा नाही. एखाद्या रात्री तिला म्हणा तुझा गणिताचा पाठ माझ्यावर घे. चुकली तर सांगा. तुम्ही पहिल्या यायच्या, तुम्हाला कळेल कुठे चुकली ते. आणि कसं झालं ते मला कळवा, पत्र लांबलं तरी चालेल, यावेळी कापणार नाही.